अण्णांसाठी मंडळी

"नवीन कुणी आलं असेल तर त्यांनी कृपया उभं राहून ओळख करून द्यावी," पाळकसाहेब म्हणाले, आणि अण्णा उभे राहता राहता एवढ्या जोरात शिंकले की पुढच्या बाकांवरची सगळी डोकी मागे वळली.

पुण्याच्या लष्कर भागातलं ते मोठं दगडी देऊळ. आमच्या नगरकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि अण्णा मधल्या वाटेपलीकडे, पुरुषांच्या बाजूला, अगदी कडेच्या जागेवर. त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"शांतवन मकासरे. गाव शेवगावकडं. एस्टीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. मालकीण वारली म्हणून पोरीकडं आलोय. ती तिकडं बसलीय, रत्नमाला. मला मंडळी पायजे. वय झालं, छातीचं दुखणं हाय. मेल्यावर उचलायला माणसं लागत्यात."

देवळात दबकं हसू पसरलं. मी मान खाली घालून गीतांचं पुस्तक उघडलं आणि मिटलं.

अण्णा गमतीने बोलत नव्हते. आम्हा ख्रिस्ती लोकांत माणसाचं नाव कुठल्या तरी मंडळीत असावं लागतं. बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे आणि शेवटी माती द्यायलाही तीच माणसं. मंडळी नसेल तर घंटा कोण वाजवणार आणि कबरस्तानात जागा कोण देणार, हा प्रश्न अण्णा पुण्यात आल्यापासून रोज जेवताना काढायचे. गावच्या मंडळीतलं नाव काढून आलोय, तिकडे आता काही उरलं नाही, असं वर सांगायचे. घास तोंडात असताना स्वतःच्या कबरीबद्दल बोलणारा माणूस समोर असला की भाजीची चव लागत नाही. शेवटी मी सांगितलं, "अण्णा, नाताळच्या आत तुम्हाला मंडळी शोधून देते. मग तरी सुखाने जेवा."

मी बोलले की करते. एस्टी स्टँडवर रिझर्व्हेशनच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला शब्द फिरवून चालत नाही.

मला स्वतःला देऊळ नको होतं. माझा नवरा मला सोडून ठाण्याला दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. घटस्फोट झाला नव्हता, संसार मात्र संपला होता. तेव्हाच मी देवळात जायचं बंद केलं. देवाशी माझं भांडण नव्हतं. भांडण होतं ते उपासना संपल्यावर दारात उभ्या राहणाऱ्या बायकांशी. पण अण्णांना एकट्याला पाठवणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्यांना देऊळ मिळेपर्यंत दर रविवारी पदर डोक्यावर घेऊन बसायचं मी कबूल केलं होतं.

त्या दगडी देवळात शेवटच्या गीतानंतर शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "मिस्टर नाही आले?"

"मुंबईकडे असतात."

"बदली का?"

"तसंच काहीतरी."

"मुलं?"

"नाहीत."

बाईंनी "अच्छा" म्हटलं, पर्स मांडीवरून उचलली आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. मला अशा पर्सची सवय होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं? कबरस्तान मोठं आहे यांचं. ऑर्गन आहे."

"पंखा डोक्यावर हाय," अण्णा म्हणाले. "मान धरती माझी."

"मग दुसऱ्या बाकावर बसा की!"

"न्हाई. दुसरं बघू."

दुसरी एका शाळेच्या सभागृहात भरणारी नव्या पद्धतीची मंडळी होती. गिटार, ढोल, टाळ्या, माइक. मला वाटलं, अण्णांना गाणी आवडतात, इथे रमतील. तिथल्या एका हसऱ्या बाईने दारातच माझा हात हातात घेऊन सगळी चौकशी केली. इतक्या मायेने विचारलं की मी खरं काय ते सांगून बसले. सभा रंगात आल्यावर ती उठली आणि माइकवाल्या ब्रदरच्या कानाशी लागली. थोड्याच वेळात ब्रदरांनी डोळे मिटले.

"प्रभू मला दाखवतोय," ते म्हणाले, "इथे एक बहीण आहे. तिचं घर मोडलेलं आहे. बहिणी, पुढे ये! आज आपण सगळे मिळून तुझ्या पतीला परत मागून घेऊ!"

सगळे हात माझ्या दिशेने वर झाले. त्या माणसाला परत मागायची माझी अजिबात इच्छा नव्हती, आणि हे चारशे लोकांसमोर सांगायचं तरी कसं?

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "रत्ने! मला लघवीला जायचंय!"

ढोल थांबला. अण्णा उभे होते. "आत्ता जायचंय," त्यांनी पुन्हा सांगितलं.

मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं. लाजेने माझे कान तापले होते. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर अण्णांनी रिक्षाला हात केला.

"अहो, जायचं होतं ना तुम्हाला?"

"गेली आता," ते म्हणाले. "लै आवाज करत्यात हे. माझ्या छातीला झेपणार न्हाई."

तिसऱ्या वेळी मी पूर्ण तयारीनिशी गेले. खडकीच्या बाजूला आमच्या नगरकडच्या लोकांची मंडळी होती. सेक्रेटरी गोर्डे हे अण्णांच्या ओळखीचे निघाले. तबलापेटीवर भजनं, प्रवचनात गावाकडचे दाखले आणि कबरस्तानात जागा. शिवाय माती द्यायच्या वेळी म्हणायला भजनी संच तयार. अण्णांसाठी यापेक्षा चांगलं काही असूच शकत नव्हतं. उपासना संपताच मी गोर्डेसाहेबांना गाठलं.

"नाव घालायला काय करावं लागेल?"

"मकासरेअण्णांचं काय, उद्या घालू," ते म्हणाले. मग आवाज उतरवून पुढे बोलले, "तुमचं मात्र जरा थांबावं लागेल, ताई. गावाकडून कळलंय आम्हाला. आपसातलं मिटवून मग प्रभूच्या मेजाजवळ भाकर-पेला घ्यायला यावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. आमच्या महिला मंडळाच्या दोघी-तिघी तुमच्या मिस्टरांना भेटून येतील. तुम्ही फक्त क्षमा करायची तयारी ठेवा."

"माझं नाव नकोच आहे," मी म्हणाले. "अण्णांचं घाला."

मला ते लागलं. लागलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण माझं काम अण्णांची सोय लावण्याचं होतं आणि ती लागत होती, म्हणून मी गिळलं. अण्णांकडे वळून म्हटलं, "झालं काम. इथे नाव घालायचं."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"आता काय झालं?"

"ताल न्हाई यांच्या भजनाला."

मी तिथेच, देवळाच्या पायरीवर, आवाज चढवला. "तुम्हाला पुरून घ्यायला मंडळी हवीय की नाचायला? पंखा नको, ढोल नको, आता ताल नाही म्हणे! माझा रविवार म्हणजे काय रस्त्यावर पडलाय?"

अण्णा पायरीवर बसले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते नाटक नव्हतं. तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, जपा, पुढच्या वेळी हमी नाही.

मी रात्रंदिवस त्यांच्या खाटेजवळ बसले. भीती वाटत होती, आणि त्या भीतीतून माझ्यात एक हट्टच शिरला. या माणसाची एकच मागणी आहे. ती पूर्ण केल्याशिवाय मी त्याला जाऊ देणार नाही. पुण्यात असतील नसतील ती सगळी देवळं पालथी घालीन.

कामावर परतल्यावर मी खिडकीतूनच शोध सुरू केला. फॉर्मवर ख्रिस्ती आडनाव दिसलं की तिकीट फाडता फाडता विचारायचं, "कुठल्या देवळात जाता? कसं आहे?" मागची रांग ओरडायची. मी लक्ष देत नव्हते. एक दिवस जालन्याच्या गाडीसाठी एक जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या, ठेंगण्या बाई आल्या. सगुणाबाई बोर्डे. त्यांना खिडकीजवळचीच जागा हवी होती आणि ती नव्हती. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. भांडण संपता संपता मी त्यांनाही विचारलं.

"आमचं कसलं देऊळ!" बाई फणकारल्या. "विश्रांतवाडीला टायरच्या दुकानामागं पत्र्याची शेड आहे. या रविवारी प्रीतिभोजन आहे, या. निदान तिथं तरी मी तुम्हाला नीट जागा देईन."

टोमणा मला आवडला. रविवारी आम्ही गेलो.

शेडमध्ये शिरल्याबरोबर माझी निराशा झाली. बाकं नव्हती, सतरंज्या होत्या आणि म्हाताऱ्यांसाठी मागे काही खुर्च्या. इथेही बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. पाळक हिवाळे इतक्या हळू आवाजात बोलत की पहिल्या रांगेलाही अंदाज बांधावा लागत असणार. पेटी वाजवणारा गाण्याच्या एक ओळ मागे होता. ताल नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या अण्णांना मी कुठे आणलं, या विचाराने मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णा मधल्या वाटेच्या कडेला खुर्ची ओढून बसले होते.

सगुणाबाईंनी मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. "ही सीट चालेल ना?" त्या कुजबुजल्या.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षाचा रस घ्यायचा विधी. भाकर फिरली. मी गेल्या कित्येक वर्षांत घेतली नव्हती आणि घेणारही नव्हते. मी मान हलवणार, तोवर सगुणाबाईंनी काही न विचारता तुकडा माझ्या तळहातावर ठेवलासुद्धा. मग छोट्या छोट्या पेल्यांचं ताट आलं. त्यांनी एक पेला स्वतः घेतला, एक माझ्या हातात दिला.

आमच्याकडे प्रभुभोजनासाठी काळ्या मनुका उकळून, गाळून त्यांचा रस करतात. तो सगळ्यांनी एकाच वेळी प्यायचा असतो.

"आपण सर्व मिळून घेऊ या," हिवाळेपाळक म्हणाले.

सगळ्यांनी पेले तोंडाला लावले. माझ्या जिभेला आधी मीठ लागलं, मग हिंग, आणि मग मिरचीचा ठसका.

शेडमध्ये कुणी हललं नाही. सगळे डोळे मिटून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने गिळत होते. माझ्या शेजारी सगुणाबाईंनी डोळे उघडले आणि पेल्यात पाहिलं.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हे माझं आमसुलाचं सार!"

जेवणासाठी केलेलं सार आणि प्रभुभोजनाचा रस, दोन्ही पातेली पांढऱ्या फडक्याने झाकून एकाच टेबलावर ठेवलेली होती. पेले भरण्याचं काम त्यांच्या नवऱ्याकडे, बोर्डेकाकांकडे होतं. काका पुढे ताट हातात धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा आमसुलापेक्षा लाल झाला होता.

सगुणाबाईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. मग मलाही राहवेना. मी ओठ दाबले, श्वास धरला, तरी नाकातून आवाज निघालाच. मागच्या बाजूला कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं.

हिवाळेपाळक डोळे मिटून उभे होते. त्यांनी पेला खाली ठेवला, हात जोडले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "हे प्रभू, तू पाण्याचा द्राक्षारस केलास. आमच्याकडून त्याचं सार झालं. आम्हांला सांभाळून घे."

सगळी शेड हसली. म्हाताऱ्या बायका सतरंजीवर हात आपटून हसल्या. मी सगुणाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि शेवटचं असं कधी हसले होते ते मला आठवतही नव्हतं. मग खरा रस आला. मंडळी शांत झाली आणि आम्ही पुन्हा एकदा, मनापासून, प्यालो.

उपासना संपल्यावर सगुणाबाईंनी माझ्यासमोर काकड्यांची परात ठेवली. "हात मोकळे दिसतायत तुझे. कोशिंबिरीला चिर."

मी चिरायला लागले. चौकशी होईल म्हणून वाट पाहिली. झाली ती एवढीच, की मंडळीच्या सहलीसाठी एस्टी ठरवायची तर कुणाला भेटावं लागतं. शेवटी मलाच राहवलं नाही. "माझा नवरा मला सोडून गेलाय," मी म्हणाले. "मिटणारं नाही ते. आधीच सांगून ठेवते."

"बरं," सगुणाबाई म्हणाल्या. "काकडी चाखून घे आधी. कडू असली तर सगळी कोशिंबीर जाईल."

मी चाखली. गोड होती.

परतताना रिक्षात अण्णा म्हणाले, "हे बरंय. इथं नाव घाल."

"इथे?" मी उडालेच. "अहो, पाळकांचं ऐकू येत नाही! पेटी एक ओळ मागे! आणि यांना स्वतःचं कबरस्तानसुद्धा नाही, मी विचारलं. तुमची मूळ अडचणच तशीच राहते!"

"माझं ठरलं."

"पण का?"

"सार चांगलं होतं," अण्णा म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

नाताळच्या आत आमची दोघांची नावं त्या मंडळीत लागली. माझंही, कारण हिवाळेपाळकांनी विचारलं, "दोघांचं ना?" आणि मी नाही म्हणायच्या आत सगुणाबाई "हो" म्हणाल्या. अण्णा दर रविवारी खुर्चीत बसून प्रवचनभर डुलक्या घ्यायचे. मी सहलीच्या गाड्या ठरवू लागले, प्रीतिभोजनाच्या भाताच्या पाण्यावरून बोर्डेकाकांशी भांडू लागले, दोन पातेल्यांना दोन रंगांची फडकी मीच शिवून दिली. कबरस्तानाचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात टोचत राहिला. ज्यासाठी एवढी वणवण केली तेच राहून गेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका पहाटे अण्णा झोपेतच गेले.

उजाडता उजाडता हिवाळेपाळक आले, बोर्डे पतिपत्नी आली. माझं रडणं अजून सुरू झालेलं नव्हतं. मी कमरेला पदर खोचून उभी होते. "पाळकसाहेब, जागेचं काय करायचं? मी लष्करातल्या देवळात जाते, पाया पडते त्यांच्या. नाहीतर खडकीला गोर्डेंकडे. काहीही करून मी अण्णांना जागा मिळवणार आहे."

"ताई, बसा," हिवाळे त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले. मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "जागा आहे. गावी, तुमच्या आईच्या शेजारी. आई गेल्या तेव्हाच अण्णांनी गावच्या मंडळीशी बोलून ठेवली होती. खड्ड्याचा निरोप मी आत्ताच धाडलाय."

मला समजेना. "गावी? मग इथे मंडळी कशाला हवी होती त्यांना? वर्षभर माझ्या मागे लागले होते, मला उचलणार कोण, मला उचलणार कोण!"

"मीही हेच विचारलं होतं, नाव घातलं त्या दिवशी, त्यांना बाजूला घेऊन." हिवाळे माझ्यासमोर बसले. "म्हणाले, मला उचलायला गाव आहे. ही देवळात यायला तयार नाही, स्वतःसाठी तर कधीच येणार नाही, म्हणून माझ्या मरणाचं निमित्त काढलं. म्हणाले, पाळकसाहेब, मी कुठल्याच देवळात प्रवचन ऐकलेलं नाही. मी बायकांच्या बाजूला बघत होतो. पोरीच्या शेजारी कोण बसतं, कसं बसतं, तेवढंच बघत होतो."

मी सगुणाबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या.

"अजून एक बोलले," हिवाळे म्हणाले. "म्हणाले, मी ड्रायव्हर माणूस. मला जायच्या फेरीची काळजी नाही. मला माती देऊन परत येताना माझी पोरगी एकटी नको."

तेव्हा मी रडले. सगुणाबाईंनी मला धरलं आणि मी पोटभर रडून घेतलं.

दुपारी गावी अण्णांना आईशेजारी माती दिली. घंटा वाजली, गावची भजनं झाली. ऊन उतरल्यावर आम्ही पुण्याला परत निघालो. बोर्डेकाकांनी टेम्पो ठरवला होता. सगुणाबाई चढल्या, मागोमाग शेडमधल्या सगळ्या बायका चढल्या, म्हाताऱ्यासुद्धा. मग पेटीवाला, मग पुरुष. मी सगळ्यांत शेवटी चढले तेव्हा टेम्पोत पाय ठेवायलाही जागा उरलेली नव्हती.